शेजार आणि उपाहारगृह

आमच्या इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून, सिमेंटचे एक बाक आहे. सायंकाळी सहाच्या सुमारास त्यावर चारपाच वयस्क गृहस्थ येऊन बसतात आणि सातास उठतात. गेली अकरा वर्षे आम्हीही त्या बाकाचे सभासद आहो. तेथील संभाषणाचा कोणी वृत्तांत ठेवला असता, तर त्यात दोनच विषय आलटून पालटून आलेले आढळते. दादरमध्ये काय खावे व कोठे खावे, हा पहिला. आणि आपल्या इमारतीत कसे राहावे व कोणी राहावे, हा दुसरा. राजकारण पूर्वी अधूनमधून डोकावत असे. परंतु त्यावरून एकदा शब्द वाढल्यापासून सर्वांनी ते आपण होऊन वर्ज्य केले आहे.

पहिला विषय निघाला म्हणजे मंडळींच्या मुद्रेवर जे औदार्य पसरते, ते पाहण्यासारखे असते. साबुदाणावडा पूर्वीसारखा राहिला नाही, पीयूष आता नुसते गोड लागते, मिसळीचा रस्सा कोल्हापूरचा बरा की पुण्याचा, अशा प्रश्नांवर प्रत्येकाचे मत ठाम असते. पण मतभेदास कडवटपणा यत्किंचितही नसतो. स्टेशनासमोर १९१० साली निघालेल्या मामा काण्यांच्या उपाहारगृहात आपल्या वडिलांनी पहिला बटाटावडा खाल्ला, हे एक गृहस्थ दर पंधरवड्यास सांगतात आणि आम्ही सर्व दर पंधरवड्यास ते नव्याने ऐकतो. कोपऱ्यावरचा इराणी उठला व तेथे औषधांचे दुकान आले, याचे दुःख तर घरातील माणूस गेल्यासारखे झाले. बाकावरील एक गृहस्थ कांदालसूणही न खाणारे. पण मालवणी खानावळीतील सोलकढीची स्तुती करण्यात त्यांच्यासारखा रसिक दुसरा नाही. खाण्याच्या राज्यात मनुष्य किती सहिष्णू होऊ शकतो, याचा तो चालताबोलता दाखलाच होय.

मग कोणीतरी लिफ्टची गोष्ट काढतो, किंवा चौथ्या मजल्यावरची गळती. आणि तेथून गाडी ‘दुसऱ्या मजल्यावरची रिकामी जागा कोणास जाणार’ या स्थानकावर येते. त्यासरशी आवाज खाली उतरतात. मघाशी ज्यांनी साऱ्या मुंबईस आपल्या ताटावर बोलाविले होते, तेच गृहस्थ आता नवीन माणसाचे मूळ गाव, त्याच्या घरचे खाणे, त्याच्याकडे येणारेजाणारे यांची चौकशी एखाद्या फौजदाराच्या बारकाईने करू लागतात. एकाच मनुष्याच्या ठिकाणी, एकाच बाकावर, अर्ध्या तासाच्या अंतराने प्रकट होणारे हे दोन स्वभाव कोठून येतात, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत आहे. नीतिशास्त्र शिकविण्यात आमची पंचवीस वर्षे गेली असल्यामुळे त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक असेल, असे वाचकांनी समजू नये.

उपाहारगृहाच्या टेबलावरील समता आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, ती मिळविण्यासाठी केवढे श्रम पडले याचा विसर पडावा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. एवढ्याशा गोष्टीवरून जे ग्रामण्य माजले, त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. पुढे शहरात खानावळी व हॉटेले निघाली, तीही प्रथम आपापल्या जातीची ओळख पाटीवर मिरवीतच निघाली. खेड्यांतील हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्यांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, आणि ती धुण्याचे काम पिणाऱ्याकडेच असे. हे सारे आपोआप गेले नाही. पुष्कळांनी त्यासाठी अपमान सोसले, चळवळी केल्या. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा मुद्दाम नावानिशी उल्लेख करावा लागला.

मुंबईत या कामी इराण्याचा वाटा मोठा आहे. धोबीतलावावरील कयानी हे दुकान १९०४ सालचे. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून आपले व्यापारी ती घेत नसत आणि म्हणून ती इराण्यांस मिळाली, असे सांगतात. खरे असेल तर आमच्या अंधश्रद्धेने आमच्यावर केलेला हा एकमेव उपकार म्हणावा लागेल. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. खुर्ची रिकामी दिसली की बसावे. समोर कोण आहे, हे विचारावयाचे नाही. गिरणीतून सुटलेला कामगार आणि कचेरीकडे निघालेला कारकून एकाच टेबलावर बनमस्का चहात बुडवून खात. इराणी काही समाजसुधारक नव्हता. त्यास चार माणसांच्या टेबलावर चार माणसे बसलेली हवी होती, इतकेच. परंतु सद्धेतूने जे पुष्कळदा साधत नाही, ते गल्ल्याच्या हिशेबाने साधले, याबद्दल कोणी कुरकूर करू नये.

आमचे स्वतःचे बालपण गिरगावातील चाळीत गेले. चाळीच्या आठवणी लिहिताना आमच्या पिढीतील लेखकांचा गळा दाटून येण्याची रीत आहे. ती आम्ही पाळणार नाही. सामायिक गॅलरी, सामायिक नळ आणि सकाळी सामायिक रांग, यांमुळे माणसे एकमेकांस धरून होती, हे खरेच. आमच्या आईस विषमज्वर झाला तेव्हा पंधरा दिवस आम्हां भावंडांची पाने पलीकडच्या काकूंच्या घरी मांडली गेली, आणि त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानल्याचे आम्हांस आठवत नाही. परंतु त्या चाळीतील बत्तीस बिऱ्हाडांची आडनावे आज मनाशी म्हणून पाहिली, तर ती दोन किंवा फार तर तीन जातींच्या बाहेर जात नाहीत, हेही लक्षात येते. त्या वेळी ते आले नव्हते. ज्या ऊबेचे आम्ही गोडवे गातो, तिची दारे आतून लावलेली होती. आत असलेल्यास दार लावलेले आहे की उघडे, हे कळण्याचे कारणच पडत नाही.

चाळ जाऊन फ्लॅट आले. पण दार तसेच राहिले. किंबहुना त्यास कायद्याची कडी बसली. सहकारी गृहनिर्माणाची आपल्याकडील परंपरा मोठी आहे. १९१५ साली गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था आशिया खंडातील पहिली म्हणून गणली जाते. मध्यमवर्गीयांनी मालकाच्या मेहेरबानीतून सुटून आपल्या हिमतीवर घरे बांधावी, ही कल्पना थोरच होती. तथापि तिच्या नावातच तिची मर्यादाही लिहिलेली आहे. परक्या शहरात आलेला मनुष्य आपल्या माणसांचा आधार घेतो, यात पाप नाही. प्रश्न असा की, शंभर वर्षे त्या शहरात राहून झाल्यावरही ‘आपली माणसे’ या शब्दाचा अर्थ तेवढाच राहावा काय? २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला आला. सभासदत्व पारशांपुरते राखणारा तिचा पोटनियम न्यायालयाने वैध ठरविला. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद निवडण्याचे स्वातंत्र्य येते, असा त्यातील आशय. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय काय तोलाचा आहे, हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्हांस त्यातून एवढेच दिसते की, हॉटेलच्या दारात घटना उभी आहे, पण जिन्याच्या पायथ्याशी आपणांस सोडून ती परत फिरते.

आणि जिना कोणाचा? घर खाजगी, रस्ता सार्वजनिक. यांच्यामध्ये जो जिना आहे, तो कोणत्या सदरात घालावयाचा? आमच्या दिवाणखान्यात कोणास बोलवावे, हे आम्ही ठरवू. तो आमचा हक्क होय आणि तो सोडण्यास आम्ही तयार नाही. परंतु शेजारच्या दिवाणखान्यात कोणी बसावे, हेही आम्हीच ठरविणार, असे जेव्हा सोसायटीची समिती म्हणते, तेव्हा ती खाजगीपणाचे रक्षण करीत नसून दुसऱ्याच्या खाजगीपणावर राज्य करीत असते. हा भेद आम्हांस तत्त्वतः फार दिवसांपासून ठाऊक होता. वर्गात तो आम्ही फळ्यावर आकृती काढून समजावूनही दिला आहे. आता जे सांगावयाचे ते त्यामुळेच अधिक लाजिरवाणे आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरील एक जागा रिकामी झाली. मालक मुलाकडे बंगळूरास गेले. जागा भाड्याने द्यावयाची होती. आमच्याकडे भाडेकरू ठेवण्यापूर्वी समितीचा ‘ना हरकत’ दाखला लागतो, आणि त्या वर्षी आम्ही समितीवर होतो. एक तरुण जोडपे आले. तो एका महाविद्यालयात अध्यापक, म्हणजे आमचाच व्यवसायबंधू. ती रुग्णालयात परिचारिका. सचिवांनी त्यांस खुर्च्या दिल्या, पाणी दिले, आणि मग तो प्रश्न विचारला, जो महाराष्ट्रात अत्यंत सभ्य समजला जातो: “आपण मूळचे कुठले?” त्याने तालुक्याचे नाव सांगितले. आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे उलगडा झाला नाही. मग घरात देवघर कोणत्या खोलीत ठेवणार, अशी एक काळजी व्यक्त करण्यात आली. तेव्हा तो किंचित हसला व म्हणाला, “आम्ही बौद्ध आहोत, सर. देवघर नाही, पण बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये लावू.” नंतर कोणी मांसाहाराविषयी विचारले. त्या पाचजणांच्या समितीत दोघांच्या घरी दर रविवारी सुरमई येते, आणि बाजारात ती निवडताना आम्ही त्यांस स्वतः पाहिले आहे.

त्यांस नकार असा कोणी दिला नाही. ‘इतरही अर्ज विचाराधीन आहेत’, असे कळविण्यात आले. इतर अर्ज नव्हते. ती जागा पुढे पाच महिने रिकामी राहिली. इतिवृत्तावर आमची सही आहे. आम्ही विरोधात बोललो नाही आणि बाजूनेही बोललो नाही. खिडकीबाहेर पाहत होतो, आणि बहुमत तिकडे आहे, आपल्या एकट्याच्या बोलण्याने काय होणार, वर्षभर या माणसांशी संबंध ठेवावयाचे आहेत, असे विचार मनात एकामागून एक फार सुबकपणे येत होते. विद्वत्तेचा एक उपयोग असा की, भित्रेपणास तिच्याकडून कधीही कारणांचा तुटवडा पडत नाही.

अशा प्रसंगी आम्ही त्या समितीहून वाईट होतो, असे आमचे मत आहे. कारण समितीस आपण योग्य तेच करीत आहो असे प्रामाणिकपणे वाटत होते. त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कांदालसूण न खाणारे जे आमचे बाकावरील स्नेही, त्यांस मासळीच्या वासाने खरोखरच उलटी होते. ते ढोंग नव्हे. जन्मभराच्या कमाईतून घेतलेले घर हेच ज्याचे सर्वस्व, तो शेजाराविषयी धास्तावलेला असतो. हॉटेलातील शेजारी वीस मिनिटांचा, घराचा शेजारी वीस वर्षांचा. तेव्हा दोहोंस एकच माप कसे लावावे, हा प्रश्न पोरकट नाही. वासाची, आवाजाची, गळतीची तक्रार असेल तर तिच्यासाठी नियम करता येतात, आणि ते सर्वांस सारखे लागू करता येतात. परंतु सुरमई घरी आणणाऱ्याने दुसऱ्याच्या सुरमईची चौकशी करावी, तेव्हा प्रश्न वासाचा राहत नाही. आणि वीस वर्षांच्या संबंधाचे म्हणाल, तर माणूस वीस वर्षे कसा वागेल, याचा अंदाज त्याच्या मूळ गावावरून बांधण्याचे शास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नाहीत.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या विषयावरील न झालेल्या भाषणात सांगितले होते की, सहभोजनाने जातीची वृत्ती मरत नाही. ज्या जाती एकमेकींच्या पंक्तीस बसतात, त्यांच्यातही ती जिवंतच असते. हा निष्कर्ष त्यांनी केवळ ग्रंथांतून काढलेला नव्हता. १९१७ साली ते परदेशातील शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी उतारूगृहात पारशी नाव घेऊन ते राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव आला व त्यांस तेथून बाहेर पडावे लागले. त्या शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. पहिल्याने हळहळून सांगितले की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील; दुसऱ्याने बायकोच्या सनातनीपणाकडे बोट दाखविले. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. ही हकीकत आम्ही विद्यार्थ्यांस पूर्वी पुष्कळदा सांगितली आहे, आणि सांगताना काठ्या घेतलेल्या जमावावर अधिक भर दिला आहे. आता आमचे लक्ष त्या दोन स्नेह्यांकडे जाते. ते दुष्ट नव्हते, सुशिक्षित होते. त्यांच्याशी बोलताना आंबेडकरांस आनंद होत असेल. फक्त घराचा प्रश्न आला तेव्हा नोकर आणि बायको आड आली, जशी आमच्या आड समिती आली.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. शेजारी यांपैकी कोठेच नीट बसत नाही. तो उपयोगी पडेलच असे नाही, त्याच्या सहवासात सुख असतेच असे नाही, आणि त्याच्या सद्गुणांची परीक्षा करून आपण त्याच्या शेजारी राहावयास गेलेलो नसतो. आपल्या भाषेने मात्र त्याची सोय केली आहे. राजधर्म, पुत्रधर्म यांच्या बरोबरीने ‘शेजारधर्म’ हा शब्द मराठीत आहे. गिऱ्हाईकधर्म असा शब्द नाही. गिऱ्हाइकाने पैसे टाकले की त्याचे कर्तव्य संपते. धर्म हा शब्द तेथेच लागतो, जेथे मनुष्य आपण निवडलेला नसतो आणि तरी त्याचे काही देणे लागतो. आईबाप निवडता येत नाहीत, तसाच शेजारीही. जो आम्ही पारखून, गाव विचारून, ताट तपासून घेतला, त्यास सोयरा म्हणा, सभासद म्हणा. शेजारी म्हणता येईल की नाही, याची आम्हांस शंका वाटते.

तो तरुण अध्यापक आम्हांस पुन्हा भेटला. गेल्या श्रावणातली गोष्ट, पाऊस होता. एका इराण्याकडे आम्ही शिरलो, तो सर्व टेबले भरलेली. एका टेबलावर एकटा माणूस उत्तरपत्रिका तपाशीत होता, आम्ही समोर उभे राहिलो तेव्हा त्याने मान वर केली, गठ्ठा बाजूस सारला आणि म्हणाला, “बसा ना, सर.” त्याने आम्हांस ओळखले होते, हे क्षणभराने आमच्या ध्यानात आले. कल्याणच्या बाजूस जागा मिळाली होती. महाविद्यालयात येण्यास दीड तास लागतो, पण गाडीत पुष्कळ वाचून होते, असे त्याने सांगितले. मुलगी झाली होती. मग त्याने विचारले, “तुमच्या इमारतीत पाण्याचा दाब कमी होता, तो सुधारला का?” एकदाच जागा पाहावयास आलेल्या माणसाने नळ उघडून पाहिला होता आणि ते लक्षात ठेवले होते. सुधारला, असे आम्ही सांगितले. याहून अधिक सांगावयास हवे होते. पण पावाचे तुकडे करण्यात आम्ही बराच वेळ काढला. त्याचे बिल देऊ केले, तेव्हा तो सौजन्याने म्हणाला, “नको सर, आपापले देऊ.” ते त्याचे बरोबरच होते. त्या टेबलावर आम्ही दोघे समान होतो. कारण तेथे आमच्या हाती कोणास दाखला द्यावयाचा नव्हता. चहाच्या पैशांत चार वर्षांपूर्वीचे देणे भागवून घेण्याची जी सोय आम्ही पाहत होतो, ती त्याने आम्हांस करू दिली नाही.

येत्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे. दुसऱ्या मजल्यावरील जागेचा निकाल तीत लागावयाचा आहे. भाडेकरूच्या अर्जावर ‘मूळ गाव’ व ‘आहार’ असे जे दोन रकाने आहेत, ते काढून टाकावेत आणि दाखला नाकारल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, अशा अर्थाचे पत्र आम्ही परवा सायंकाळी बाकावरच सचिवांच्या हाती दिले. चार वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तावरील आपल्या सहीचा उल्लेखही त्यात केला आहे. सचिवांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले. काही वेळ कोणी बोलले नाही. वडिलांच्या बटाटावड्याची गोष्ट सांगणारे गृहस्थ टाकीच्या झाकणाकडे पाहत होते. मग सचिव म्हणाले, “सर, रविवारी सभेनंतर मिसळ मागवायची म्हणतो. तुम्हाला तिखट चालते ना?”

चालते, असे आम्ही सांगितले.